अक्कांनी डॉक्टरांकडे केलेली माझी चहाडी

दहा-बारा दिवसांपूर्वी, मंगळवारी, जळगावात डॉक्टरांच्या केबिनमध्ये माझी चहाडी झाली. करणारी माझीच मोठी जाऊ, अक्का. वय चौऱ्याहत्तर, मुक्काम धुळे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी… मला किडनीचा कॅन्सर आहे. दोन वर्षांपूर्वी डावी किडनी काढली, तरी तो फुप्फुसात पोचलाच. आता रोज एक गोळी. बरं करणारी नाही, थोपवून धरणारी. गेलं वर्षभर तिने त्याला धरून ठेवलंय, त्याबद्दल तक्रार नाही.

तिचे बाकीचे उद्योग मात्र फार. तोंड इतकं आलेलं की कोमट चहासुद्धा झोंबतो. जुलाब आहेत, दुपार झाली की अंगात काही उरतच नाही. केस भुवयांसकट पांढरे शुभ्र झाले. त्यावर एक बाई म्हणाल्या, "किती ग्रेसफुल दिसता." मी म्हटलं, तुम्हीही घेऊन बघा एक गोळी.

सगळ्यात वाईट तळपाय. लालभडक होतात, फोड येतात. स्वयंपाकघरापर्यंत जायचं तर भिंत धरून, पावलाच्या कडांवर चालायचं…

मला ओळखणाऱ्यांना वाटेल, ही बाई रिक्षावाल्यापासून बँक मॅनेजरपर्यंत सगळ्यांना फैलावर घेते, डॉक्टरांना तर सळो की पळो करत असेल. अजिबात नाही. दर महिन्याला ते विचारायचे, "काही त्रास?" आणि मी कॉन्व्हेंटमधल्या शहाण्या मुलीसारखी म्हणायचे, "नो डॉक्टर, आय ॲम फाइन."

कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनी शिकवलंच होतं, दुखलं तर ओठ मिटायचे. पण उगाच त्यांना कशाला दोष देऊ… खरं कारण भीती. त्रास सांगितला तर गोळी बंद करतील, आणि ती बंद झाली की पुढे काय, हे विचारायची माझी हिंमत नव्हती.

त्या मंगळवारच्या आधीच्या रविवारी अक्कांनी धुळ्याला वांग्याचं भरीत खायला बोलावलं. हिवाळ्यात आमच्याकडे भरताच्या बोलावण्याला नाही म्हणायची सोय नसते. काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, त्यात ठेचलेली हिरवी मिरची, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. गेले एसटीने. चपलेत दोन-दोन मोजे घालून.

पहिला घास तोंडात गेला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. कसाबसा गिळला. अक्का बघत होत्या म्हणून आणखी चार घास खाल्ले आणि म्हटलं, "छान झालंय, अक्का."

अक्कांचा हात परातीतच थांबला. चाळीस वर्षांत मी त्यांच्या भरताला एकदाही छान म्हटलेलं नाही. मीठ कमी, तेल जास्त, वांगं कच्चं… काहीतरी असतंच. त्यांनी माझं ताट उचललं, दहीभात कालवून पुढे ठेवला. "तुले काय हुई राह्यनं, सांग." मी म्हटलं, ॲसिडिटी. हात धुवायला उठले, तर त्यांची नजर माझ्या मोज्यांवरच्या फुटलेल्या फोडांच्या डागांवर.

मंगळवारी तपासणी आहे, हे बोलण्याच्या ओघात मीच सांगून बसले होते. त्या दिवशी सकाळी अक्का जळगावात माझ्या दारात हजर. दवाखान्यात त्यांना म्हटलं, तुम्ही बाहेर बसा. त्या आत आल्या आणि माझ्या आधी खुर्चीत बसल्या.

डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, हाई खोटं बोलस. हिना पायसले फोड शेतस, तोंड बठ्ठं सोलायेल शे. मन्हा भरीतले चांगलं म्हनी, इतली आजारी शे."

डॉक्टर बाहेरचे, त्यांना आमची अहिराणी नीट कळेना. ते माझ्याकडे बघायला लागले… म्हणजे भाषांतर मीच करायचं. केलं. ही खोटं बोलते. हिच्या पायांना फोड आहेत, तोंड सगळं सोललंय. माझ्या भरताला चांगलं म्हणाली, इतकी आजारी आहे. एक शब्द गाळला नाही, अक्का शेजारीच होत्या.

डॉक्टरांनी मोजे काढायला लावले. बराच वेळ तळपाय बघत राहिले. आता बंद म्हणणार, अशी मी मनाची तयारी करून बसले होते…

म्हणाले, "काकू, आठवडाभर गोळी थांबवू. फोड बसले की कमी डोसने परत सुरू करू. बऱ्याच जणांना असं करावं लागतं. मी दर महिन्याला विचारतो ते काय गप्पा मारायला?" आणखी रेटलं असतं, तर कदाचित खरंच कायमची बंद करावी लागली असती. म्हणजे ज्याला मी घाबरत होते, त्याचीच तयारी माझ्या हाताने चालली होती.

रिक्षात मी अक्कांकडे पाठ फिरवून बसले. परक्या माणसापुढे उघडं पाडलं, याचा राग डोक्यात होता. त्यांच्या हातात डॉक्टरांनी लिहून दिलेल्या क्रीमची पिशवी.

घरी आल्यावर त्यांनी मला पलंगावर बसवलं, स्वतः खाली पाटावर बसल्या आणि क्रीम लावायला माझा पाय मांडीवर घेतला. आमच्या घरात धाकटी जाऊ मोठीच्या पाया पडते. उलटं झालेलं मी तरी पाहिलेलं नाही. मी पाय मागे ओढला. "अक्का, मला पाप लागेल हो."

"लागू दे. पाय दे इकडे."

आठवड्यात फोड सुकले. तोंडही निवळतंय, वरण-भात बिनबोभाट उतरतो. परवापासून कमी डोसची गोळी सुरू झाली. पुढच्या खेपेला डॉक्टरांना काय काय सांगायचं याची यादी करायला घेतलीय, दुसरं पान सुरू आहे. बिचारे डॉक्टर…

अक्का अजून इथेच आहेत. परवा सकाळी गोळी घेण्याआधी मी त्यांना वाकून नमस्कार केला. त्या म्हणाल्या, "आज काय सण शे?" लग्न झाल्यापासून करत आले तो नमस्कार रीत म्हणून होता. हा मनापासून केला.