भरवेलीच्या क्वार्टरमधला दुसरा आवाज

कॅसेट कॉम्प्युटरमध्ये उतरवायला कॅसेट जेवढी लांब, तेवढाच वेळ लागतो. घाई करता येत नाही. एका बाजूला जुना टेपरेकॉर्डर, दुसऱ्या बाजूला लॅपटॉप, मध्ये एक वायर, आणि आपण नुसतं बसून राहायचं. मी बालाघाटच्या एका शाळेत हिंदी शिकवते. त्या उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या दुपारी मी अशाच बसून काढल्या. खिडकीत कूलर घरघरायचा, खसचा ओला वास खोलीभर पसरलेला असायचा आणि स्क्रीनवर एक हिरवी रेघ थरथरत पुढे सरकायची. कधी माझा डोळा लागायचा. जाग यायची तेव्हा खोलीत बाबा बोलत असायचे.

बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. ते भरवेलीच्या मँगनीज खाणीत कामाला होते आणि आम्ही खाणीच्याच क्वार्टरमध्ये राहायचो. मी शाळेत जायच्याही आधी त्यांनी हा टेपरेकॉर्डर घेतला. कॉलनीतले इतर लोक रेडिओवरची गाणी भरून ठेवायचे. बाबा घर भरून ठेवायचे. "रेडिओवरचं काहून भरू? ते तं उद्याही लागते," असं म्हणायचे. सुट्टीच्या दिवशी, कपड्यांवरची काळी धूळ झटकून, आंघोळ करून ते टेप घेऊन बसायचे. माय तांदूळ निवडताना गुणगुणतेय, कोणी पाणी भरतंय, मी पाटीवर काहीतरी गिरवत मोठ्याने बडबडतेय, असं सगळं त्यात होतं. मध्येच दूर खाणीत सुरुंगाचा बार उडतो आणि फळीवरचे कप किणकिणतात. ती किणकिण ऐकली की मला त्या कपांवरची निळी फुलं दिसायची. कप कधीच फुटून गेलेत.

सगळं उतरवून झाल्यावर मी ते एका गाण्यांची लायब्ररी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं. त्याने प्रत्येक तुकड्यापुढे 'अज्ञात कलाकार, अज्ञात अल्बम' लिहून टाकलं. एका ठिकाणी मात्र त्याला वाटलं आपण ओळखलं, आणि त्याने बाबांच्या खोकल्यावर कुठल्याशा परदेशी बँडचं झगझगीत चित्र चिकटवलं. मी मायला दाखवलं. आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग मी एकेक रकाना भरत गेले. कलाकार माय, कलाकार बाबा. अल्बम भरवेली. प्रकार कोणता, या रकान्यात भजन, लोकगीत असं बरंच काही निवडता येत होतं. मी तिथे 'घर' असं लिहिलं आणि त्याने ते मुकाट्याने घेतलं.

मायला आता ऐकू फार कमी येतं. कानात घालायचं यंत्र आणलं होतं, पण ते शिट्टी मारतं म्हणून ती काढून डब्यात ठेवते. मोबाईलवर तिची बोटं घसरतात, नको ते उघडतं. म्हणून मी तिच्यासाठी एक छोटा प्लेअर आणला. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, खरी दाबायची बटणं असलेला. लायब्ररीतून सगळं त्यात भरलं, इअरफोन तिच्या कानात नीट बसवले आणि आवाज पुरता वाढवून बटण दाबलं.

बाबा प्रत्येक वेळी सुरुवातीला एकच प्रश्न विचारायचे. टेपवर आहे तो. "चालू हाय का?"

माय एकदम ताठ बसली. मग घरभर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "हौ, चालू हाय. बोला."

त्यानंतर तो प्लेअर तिच्या पदराच्या गाठीलाच असायचा. पावसाळाभर ती ओसरीत बसून ऐकायची. गाणी कधी कोणत्या क्रमाने लागतील ते मी मुद्दामच ठरवून ठेवलं नव्हतं. त्यामुळे कधी बाबांचं बाजारहाटाचं बोलणं, कधी माझी बडबड, कधी तिचं स्वतःचं तरुण गाणं लागायचं. ती मध्येच उत्तरं द्यायची. "मीठ आनलं ना कालच." "अवो, त्या पोट्टीले आत घ्या, पानी येऊन राह्यलं." बाहेर खरोखरच पाऊस येत असायचा. कुठलं पाणी कुठल्या वर्षाचं, ते मी विचारलं नाही.

तिच्या गाण्यांत एक रोवणीचं गाणं होतं. धानाची रोपं लावताना वाकून गायचं, तसं. ते तिनेच जुळवलेलं.

बांधीत पानी, पान्यात आभाळ,
आभाळात माही सावली...

बांधी म्हणजे धानाचं बांध घातलेलं शेत. पहिली ओळ माय म्हणते आणि दुसऱ्या ओळीला आणखी एक आवाज येऊन मिळतो. पातळ, उंच, जरा घाईचा. 'सावली' हा शब्द तो आवाज असा वर नेऊन सोडतो की मला दर वेळी वाटायचं, आता खाली येणारच नाही. एका कडव्यात तो चुकतो आणि चुकल्याबरोबर खळखळून हसायला लागतो. मागून बाबा म्हणतात, "थांबू नका, थांबू नका."

लायब्ररीत त्या गाण्यापुढे मी 'माय आणि' इतकंच लिहिलं होतं. शेवटी एक दिवस मायच्या कानाशी जाऊन विचारलं, "कोन गाते वो हे तुह्यासंग?"

"शेजारीन व्हय. भिंतीला भिंत होती आमची." तिने पदराच्या गाठीतला प्लेअर चाचपला. "वारासिवनीकडच्या खैरलांजीच्या पुढं गाव तिचं. तिच्या मानसाचं काम सुटलं तशी गेली निंगून. मंग भेटच नाही."

दोघींनाही लिहिता येत नव्हतं आणि तेव्हा फोन नव्हते. इतकी साधी गोष्ट होती. "असंन का नाही आता, कोन जाने," माय म्हणाली. पण त्या दिवसापासून ती ते एकच गाणं पुन्हा पुन्हा लावायला लागली.

दिवाळीच्या सुट्टीत मी तिला घेऊन निघाले. वारासिवनीपर्यंत एक बस, पुढे दुसरी. कंडक्टर म्हणाला, "अम्मा को आगे बिठाओ, मैडम, पीछे झटके लगेंगे." माय खिडकीशी बसली, कानात इअरफोन. बाहेर कापलेल्या धानाचे भारे, उन्हात चमकणारी धसकटं, मध्येच एखादा तलाव. तिचे ओठ हलत होते. बसच्या आवाजात मला काही ऐकू येत नव्हतं आणि तिला बसचा आवाज ऐकू येत नव्हता.

खैरलांजीहून ऑटोने पुढच्या गावात पोचलो. शेजारणीचं नाव मायला आठवेना, म्हणून तिथे मला एवढंच सांगता येत होतं की ती पूर्वी भरवेलीला राहायची. एका दुकानापाशी तेवढं म्हणताच माणसाने हात केला, "अच्छा, भरवेलीवाली? तलावाच्या पाळीवर घर हाय पाहा." सगळं गाव तिला भरवेलीवालीच म्हणत होतं. इतक्या वर्षांनंतरही.

ती अंगणात सुपाने धान पाखडत होती. बारीक झालेली, केस सगळे पांढरे. आम्हाला पाहून तिने डोळ्यांवर हात धरला. "कोन व्हय वो?"

मायला ते ऐकू आलं नाही. ती तशीच पुढे पुढे चालत गेली आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. सूप खाली पडलं. दोघी एकमेकींचे दंड धरून उभ्या राहिल्या. मग मावशीने, मी तिला मावशीच म्हणते, चटई टाकली, पाणी दिलं. मायने घाईघाईने पदराची गाठ सोडून प्लेअर काढला. "आयक. तुहा आवाज आयक."

मी एक इअरफोन मायच्या कानात, एक मावशीच्या कानात घातला आणि रोवणीचं गाणं लावलं.

मावशी ऐकत होती. दुसरी ओळ आली. तिचा चटईवर फिरणारा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग समोर तलावाकडे. हसण्याची जागा आली तेव्हा तिने तोंडावर हात ठेवला.

"माहा आवाज नोहे हा," ती म्हणाली. "माह्या मोठीचा व्हय."

मायच्या कानात गाणं चालू होतं. मी तिला सांगितलं, तिच्या मोठ्या मुलीचा आवाज आहे म्हणून. मायचा चेहरा उजळला. "मोठी! खरंच वो, मोठीच गाये माह्यासंग. आता कुठी हाय ते?"

मावशी खाली पाहत हळूच म्हणाली, "गेली. पहिल्याच बाळंतपनात गेली."

मायने माझ्याकडे पाहिलं. "काय म्हनते?"

मी तिचा इअरफोन काढला. हळू सांगून उपयोग नव्हता. त्या शांत अंगणात, त्या आईसमोर मला ते वाक्य ओरडून सांगावं लागलं. झाडावरचे पक्षी उडाले. माझाच आवाज मला परका वाटला. माय ऐकत राहिली, मग सरकत सरकत मावशीजवळ गेली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली, लहान मुलाच्या फिरवतात तसा.

"एक फोटू होता," मावशी म्हणाली. "घरात पानी शिरलं तवा गेला. चेहरा तं याद येते. आवाज नाही येत होता. लय कोशिश करो मी, पन नाही येत होता." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पुन्हा लाव ना, बाई."

मी पुन्हा लावलं. पुन्हा, आणि पुन्हा. हसणं आलं की आता तीही थोडी हसायची. "अशीच होती. चुकली का हसे. मारलं तरी हसे."

दुपार कलली. परतीची बस होती. माय म्हणाली, "तू जाय. शाळा हाय तुही. मी राह्यतो आठ-पंधरा दिवस." मी मावशीला बटणं दाखवली, चार्जर कुठे लावायचा ते तिच्या सुनेला दाखवलं आणि प्लेअर मावशीच्या हातात ठेवला. मायनेच तिची मूठ मिटवली.

घरी आल्यावर मी लॅपटॉप उघडून लायब्ररीतल्या त्या अर्धवट ओळीत मुलीचं नाव घातलं. प्लेअर मावशीकडेच राहिला आणि परत आल्यावर मायनेही काही मागितलं नाही. नंतर मी तिला दुसरा प्लेअर आणून दिला.

थंडी सरता सरता मावशी स्वतःच आमच्याकडे आली, लाखोळीची डाळ आणि नव्या तांदळाची पिशवी घेऊन. चार दिवस राहिली. दोघी ओसरीत ऊन खात बसायच्या आणि मावशी लेकीबद्दल सांगत राहायची. तिला आंबट आवडायचं, खाणीत बार उडाला की ती कान झाकून चुलीमागे बसायची, मॅट्रिक व्हायचं होतं तिला. माय अर्धं ऐकायची, अर्धं ओठांवरून समजून घ्यायची. मी बाजूला खाटेवर पडून वह्या तपासत होते. उन्हाने डोळे जड झाले होते.

"तुले कडेवर घेऊन फिरे ना मोठी," मावशी मध्येच मला म्हणाली. "दिवसभर. तू रडली का बिल्लीचा आवाज काढे."

मी वही मिटून ठेवली. डोळे बंद करून आठवू लागले. खोबरेल तेलाचा वास, हनुवटीला घासणारी एक वेणी, खाली हलणारी लाल माती आणि कानाशी अगदी जवळ, मांजरीसारखं कोणीतरी. हे मला खरंच आठवत होतं, की मावशीच्या बोलण्यातून आत्ताच तयार होत होतं, ते काही कळेना. मी डोळे उघडले नाहीत. मावशी बोलत होती, माय मधूनच "काय? काय?" विचारत होती, आणि मी बराच वेळ तशीच, कोणाच्या तरी कडेवर, डुलत राहिले.