अबोलीची गोटी

आमच्या इंदौरच्या सुदामा नगरात शितोळ्यांचं घर विचारलंत तर कोणी सांगणार नाही. ‘कंचेवाले अंकल’, म्हणजे गोट्यावाले, विचारा, शाळेतलं कुठलंही पोर दारापर्यंत आणून सोडेल. मी त्यांची शेजारीण, सुलोचना. आमच्या दोन घरांत भिंत एकच. त्या भिंतीतून मी इतकी वर्षं त्यांची भांडणं ऐकली, कुकरच्या शिट्ट्या ऐकल्या आणि त्या मेल्या गॅसच्या टॉर्चचा ‘सुऽऽ’ ऐकला. माझी जीभ तिखट आहे असं सगळी कॉलनी म्हणते. असू दे. ही गोष्ट गोड जिभेनं सांगण्यासारखी नाहीच.

उदयसिंह भाऊजींचे, म्हणजे या अंकलचे, पणजोबा होळकरांच्या फौजेत घोडेस्वार होते. घरात एक तलवार होती म्हणे; ती कोणत्या काकांनी विकली यावर लग्नाकार्यात अजून वाद होतो. भाऊजींच्या वाट्याला ना घोडा आला ना तलवार. त्यांना कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचकामाची नोकरी लागली. प्रयोगांच्या काचनळ्या फुटायच्या, त्या ज्योतीवर वितळवून जोडायच्या, हे काम. एकदा उरलेल्या काचेतून त्यांनी एक गोटी केली, आत निळा पीळ असलेली. झालं! माणूस बिघडला तो बिघडलाच. रिटायर झाल्यावर लोक चारधामला जातात. यांनी काच वितळवायची टॉर्च घेतली, ऑक्सिजनचा सिलेंडर आणला, मागच्या पडवीत टेबल मांडलं आणि विजेची एक छोटी भट्टी बसवली.

भट्टी कशाला, तर ज्योतीवरून उतरलेली गोटी एकदम गार झाली की तडकते. तिला भट्टीत ठेवून रात्रभर हळूहळू गार करावं लागतं. हे त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलंय की झोपेतून उठवलंत तरी सांगेन.

भानुमती, म्हणजे भाऊजींची बायको, माझी जिवाची मैत्रीण. तिला त्या गोट्यांचा मनस्वी राग. आणि का नसावा? मे महिन्यात आधीच जीव जातो, त्यात हे पडवीत आग लावून बसणार. ‘घरात बॉम्ब आणून ठेवलाय,’ ती सिलेंडरकडे बोट दाखवून म्हणायची. ‘साठी उलटली आणि अजून कंचे!’ भाऊजी ज्योतीपुढे घालायचा गुलाबी काचांचा चष्मा कपाळावर चढवून नुसते हसायचे. कॉलनीतल्या पोरांना गोट्या वाटायचे, एखादा हौशी माणूस विकत न्यायचा. त्यांच्या गोट्यांत काय नव्हतं! वावटळ होती, मासोळी होती, मोराचा डोळा होता. मी दिवाळीला घरात काचेच्या वाटीत भरून ठेवायचे. पण भानूला त्यांनी एकही गोटी कधी दिली नाही. एकदा तिनं रागाच्या भरात ‘माझ्या खोलीत ते पोरखेळ आणायचे नाहीत’ म्हटलं होतं, ते या शहाण्यानं आयुष्यभर पाळलं. बायको रागात बोलली आणि मनापासून बोलली यात फरक असतो, हे काही पुरुषांना मरेपर्यंत कळत नाही.

मागच्या वर्षी भानूच्या यकृताचं निघालं. दवाखाने झाले, पुण्याहून लेक कस्तुरी सुट्ट्या काढून काढून येत राहिली, आणि शेवटी डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. घरी आणली त्या दिवशी तिची खाट मधल्या खोलीत टाकली. ती पडवीच्या बंद दाराकडे बघत म्हणाली, “अहो, सगळ्या इंदौरला गोट्या वाटल्यात. मला एक कराल? आत आपल्या कुंडीतल्या अबोलीचं फूल पाहिजे. हातात धरीन म्हणते.”

भाऊजी माझ्याकडे बघायला लागले. मग तसेच उठून पडवीत गेले. मला वाटलं रडायला गेले. ते रंगीत काचेच्या कांड्या शोधायला गेले होते.

आता अबोलीचा रंग म्हणजे काय, ते बायकांना सांगायला नको. धड केशरी नाही, धड गुलाबी नाही. काचेत तो धरायला महाकठीण. ज्योत थोडी जास्त लागली की फूल वाळल्यासारखं तपकिरी होतं. भाऊजींनी पहिली गोटी केली. सकाळी भट्टीतून काढून भिंगाखाली धरली आणि तोंड वाकडं केलं. “पाकळीत बुडबुडा राहिला.” दुसरीत फूल तिरकं बसलं, तिसरीत रंग काळवंडला. मला विचाराल तर सगळ्या सुंदर होत्या. मी म्हटलं, “अहो, द्या ना तिला! ती काय स्पर्धेला बसवणार आहे?” तर म्हणाले, “वहिनी, जन्मात पहिल्यांदा तिनं काही मागितलंय. खोटवाली देऊ?” आणि गोटी टाकली डब्यात. “सकाळी कचरागाडीत द्या. काच आहे म्हणून सांगा, ते वेगळी घेतात.”

कचरागाडी काय, मी तो डबा उचलला आणि मधल्या खोलीतून बाहेर निघाले, तर भानूनं खाटेवरून हात पुढे केला. “दाखव.” मी गोटी तिच्या तळहातावर ठेवली. तिनं खिडकीच्या उजेडात फिरवून फिरवून बघितली. तिच्या पिवळ्या पडलेल्या चेहऱ्यावर इतकं हसू मी कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं.

“इतकं छान फूल, आणि हे त्यात बुडबुडे शोधत बसलेत. येडे कुठले,” ती म्हणाली. मग गोटी उशीखाली सरकवली. “त्यांना सांगू नकोस हं.”

“का गं? सांगितलं तर सुटतील ना बिचारे.”

“सुटले की इथे येऊन बसतील. माझं तोंड बघत रडतील दिवसभर. माझ्या आधी तेच जायचे. त्यापेक्षा तिकडे टॉर्चचा आवाज चालू असतो ना, मला बरं वाटतं. आहेत तिथे, कामात आहेत, असं वाटतं. झोप लागते.”

आयुष्यभर ज्या आवाजानं हिचं डोकं उठायचं, त्या आवाजावर आता हिला झोप लागत होती! भाऊजी रोज नापास गोटी डब्यात टाकायचे आणि मी रोज ती भानूच्या उशीखाली पोचवायचे. तिनं गोट्या ठेवायला जुन्या पैठणीच्या तुकड्याचा एक बटवा माझ्याकडून शिवून घेतला. दुपारी दार लोटलेलं असलं की ती गोट्या पोटावर ओतून खेळायची. हो, खेळायचीच. आणि दाराच्या पलीकडे तो माणूस घामानं निथळत तिच्यासाठी गोटी करत असायचा. मध्ये फक्त एक दार.

त्या दिवशी सकाळपासून भानूचा श्वास बरा नव्हता. कस्तुरीला मी फोन केला, ती संध्याकाळच्या विमानानं निघणार होती. भाऊजींना म्हटलं, “आज ते राहू द्या. तिच्यापाशी बसा.” त्यांचे डोळे लाल झाले होते, दाढी वाढलेली. म्हणाले, “आज होणार, वहिनी. युक्ती सापडली. आजच्याएवढा रंग कधी धरला नव्हता. उद्या सकाळी तिच्या हातात ठेवतो बघा.”

चारच्या सुमाराला भानूनं डोळे उघडले. “त्यांना बोलाव,” म्हणाली. मी पडवीत धावले. भाऊजी ज्योतीपुढे वाकलेले, कांडीच्या टोकाला लाल गोळा फिरतोय.

“भाऊजी, चला. ती बोलावतेय.”

“आलोच. आत्ता ज्योतीतून काढली तर फुटेल.”

“फुटू दे! चला म्हणते ना!”

“दोन मिनिटं, वहिनी. झालीच आहे. दोनच मिनिटं.”

मी परत आले. भानूचा हात हातात घेतला. तिनं दाराकडे बघितलं, आवाज ऐकला, आणि मान किंचित हलवली. राहू दे, असं काहीतरी. मग ती गेली. पलीकडे टॉर्च चालूच होती. ती बंद झाली, भट्टीचं झाकण वाजलं आणि भाऊजी तो गुलाबी चष्मा तसाच डोळ्यांवर ठेवून हात पुसत दारात आले. “झाली गं, भानू,” म्हणाले. मला त्या क्षणी त्या माणसाचा इतका राग आला होता की तोंड उघडलं असतं तर शिव्याच आल्या असत्या.

घर माणसांनी भरलं. कस्तुरी येईपर्यंत थांबायचं आणि सकाळी न्यायचं ठरलं. भानूला आंघोळ घालताना मी उशीखालचा बटवा हळूच कमरेला खोचला. गावातल्याच बडा गणपतीहून भानूच्या थोरल्या जाऊबाई आल्या होत्या. बाई मोठ्या कडक. शितोळ्यांच्या घरात माणूस जमिनीवर ठेवलेलं असताना आग पेटत नाही, चूलही नाही आणि चहाही नाही. त्या सगळीकडे फिरून बघत पडवीत गेल्या. भट्टीचा लाल दिवा दिसला.

“हे काय पेटलंय? बंद करा आधी!”

मी म्हटलं, “अहो ताई, ती काही चूल नाही. बिजलीची आहे. सकाळपर्यंत राहू द्या, आत तिच्यासाठीच केलेली...”

“आग ती आग,” त्या म्हणाल्या.

मी भांडायला पदर खोचला होता. खरंच सांगते, त्या दिवशी मी प्रेताच्या घरात भांडले असते. तेवढ्यात भाऊजी उठले, सावकाश पडवीत आले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं बटण बंद केलं.

“भाऊजी! अहो, तडकेल ती!”

“माहीत आहे,” ते म्हणाले. “माझी आई गेली तेव्हा भानूनं गीझरसुद्धा लावू दिला नव्हता. थंडीचे दिवस होते, मी किती चिडलो होतो तिच्यावर. तिचा नियम आहे, वहिनी. तिच्याच दिवशी मोडू?”

लाल दिवा विझला. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

दुसऱ्या दिवशी पंचकुईयाच्या स्मशानातून सगळे परतले. आंघोळी झाल्या, आमच्याकडून पिठलं-भात गेला, तो कोणी खाल्ला नाही. भाऊजी पडवीत गेले. मी मागोमाग गेले. त्यांनी भट्टी उघडून गोटी बाहेर काढली. आणि देवा, काय फूल होतं ते! जणू आत्ताच कुंडीतून खुडलंय. पाकळी पाकळी मोकळी, रंग अगदी तोच. आणि मधून या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा.

ते तिच्याकडे बघत स्टुलावर बसले. रडले नाहीत. एवढंच म्हणाले, “एकसुद्धा चांगली देता आली नाही तिला. रिकाम्या हातानं गेली.”

मग मात्र माझ्यानं राहवेना. भानूला दिलेला शब्द गेला चुलीत! कमरेचा बटवा काढला आणि त्यांच्या टेबलावर उलटा केला. गोट्या घरंगळत गेल्या, सगळ्या अबोलीच्या. त्यांनी एक उचलली, दुसरी उचलली.

“या तर कचऱ्यातल्या.”

“हो, कचऱ्यातल्या. तुम्ही टाकायचात, ती मागून घ्यायची. पहिल्या दिवसापासून.”

“या? यात बुडबुडा आहे, वहिनी.”

“तिला दिसला तो. येडे कुठले म्हणाली तुम्हाला.”

“मग मला सांगितलं का नाही?”

सांगितलं सगळं. तुम्ही रडत बसाल म्हणून नाही सांगितलं. टॉर्चच्या आवाजावर तिला झोप लागायची, हेही सांगितलं. ते ऐकत होते आणि एक एक गोटी बोटांनी जवळ ओढत होते.

“म्हणजे पहिलीच चालली असती,” ते म्हणाले.

“पहिलीच चालली असती, भाऊजी.”

“आणि काल तिनं बोलावलं तेव्हा मी...”

खोटं बोलावंसं वाटलं मला, की नाही हो, ती झोपेतच गेली. पण तो माणूस माझ्या तोंडाकडे बघत होता.

“बोलावलं होतं,” मी म्हटलं. “मग दाराकडे बघून राहू दे अशी मान हलवली.”

तेव्हा ते रडले. मोठ्यानं, पोरासारखे, टेबलावर डोकं टेकून. कस्तुरी धावत आली. मी तिला बाजूला घेतलं आणि म्हटलं, रडू दे त्यांना. माझा राग कुठे गेला कोण जाणे. मीही तिथेच खाली बसून रडले.

अस्थी ओंकारेश्वरला सोडल्या. कस्तुरीनं बटव्यातल्या थोड्या गोट्या पुण्याला नेल्या. बाकीच्या भाऊजींच्या उशीखाली असतात. तडकलेलीही त्यांनी त्यांतच टाकली आहे. पोरं अजून दारात येऊन ‘अंकल, कंचे?’ विचारतात. भाऊजी डोक्यावरून हात फिरवतात आणि जुन्यांतली एखादी देतात. नवी गोटी त्यांनी केलेली नाही.

पण चार वाजले की भिंतीपलीकडून ‘सुऽऽ’ येतो. पहिल्यांदा आला तेव्हा मी खुश होऊन चहा घेऊन गेले, म्हटलं चला, कामाला लागले. पडवीचं दार सताड उघडं होतं. टेबलावर टॉर्च जळत होती, स्टूल रिकामं होतं, काच कुठेच नव्हती. भाऊजी मधल्या खोलीत भानूच्या खाटेवर तिच्यासारखेच कुशीवर पडले होते आणि आवाज ऐकत होते.

“भाऊजी, गॅस जातोय ना फुकट,” मी म्हटलं.

“थोडा वेळ, वहिनी,” ते म्हणाले. “इथून कसा ऐकू येत होता ते बघतोय.”

मी चहा खाली ठेवला आणि घरी आले. आता रोज चारला तो आवाज येतो. गॅसचं नाव मी पुन्हा काढलेलं नाही.