मामूंच्या मानेतली जाळी

आमच्या घरामागे राहणाऱ्या चाळणीवाल्या मामूंइतका चिकित्सक माणूस कळमनुरीच्या अख्ख्या बाजारात झाला नाही. तारेच्या चाळण्या ते स्वतः विणत, पण मागितली आणि दिली असं कधी झालं तर शपथ! गिऱ्हाइकाने आधी आपलं धान्य दाखवायचं, मामूंनी ते तळहातावर चोळून पाहायचं, मगच चाळणी. रिकाम्या हाताने आलेल्या एका नव्या नवरीला त्यांनी सरळ परत पाठवलं. "अगोदर ज्वारी आण बेटी. दाणा न पाहता चाळणी म्हंजी पाय न पाहता जोडा." माझ्या चष्म्याच्या काड्याही ते वाकवून बघत आणि नाक मुरडत.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. एका सकाळी तार पिळता पिळता मामूंचा उजवा हात एकाएकी लुळा पडला. घटकाभराने परत आला, पण नांदेडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मेंदूकडे जाणारी मानेतली डावी रक्तवाहिनी अरुंद झाली आहे. आत स्टेंट, म्हणजे बारीक तारेची जाळी बसवावी लागेल. नाहीतर पुढच्या खेपेला हात कायमचा जाईल, कदाचित माणूसही. मी त्यांना हैदराबादला घेऊन गेलो. तिथले डॉक्टर परभणीकडचे, बोलायला मोकळे. त्यांची चूक एकच झाली. जाळी दोन प्रकारची असते, असं ते मामूंसमोर बोलून गेले.

"दाखवा," मामू म्हणाले.

नमुने आले. मामूंनी दोन्ही जाळ्या उजेडात धरल्या, वाकवल्या. "दाट विणीची बसवा. कचरा अडकून राहील, वर मेंदूत न्हाई जाणार."

डॉक्टर म्हणाले, "बरोबर आहे चाचा. पण ती ताठ असते. मोकळ्या विणीची वळणाबरोबर वळते." मग त्यांनी मामूंच्या वाहिनीचा फोटो समोर धरला. ती चांगली दोनदा वळली होती. मामूंनी त्या वळणांवरून बोट फिरवलं. जन्मात पहिल्यांदाच त्यांनी धान्य न पाहता चाळणी मागितली होती.

"दाणा तर आता दाखवून राहिले तुमी," ते शेवटी म्हणाले. "मोकळीच बसवा."

हे काम पेशंटला जागं ठेवून करतात. जांघेतून तार मानेपर्यंत नेतात आणि हातात दाबलं की वाजणारं रबरी बदक देतात. सांगितल्याबरोबर ते वाजलं की मेंदू ठीक. बाहेर बाकावर बसून मी तो आवाज मोजत होतो. मध्येच तो थांबला. दार बंद, आत कुजबुज. मी उठून दाराला कान लावला. मग लागोपाठ तीनदा पीं पीं झालं.

"काहून घाबरले मास्तर?" मामू नंतर म्हणाले. "जाळी उघडून राहिली होती ना, समोरच्या टीव्हीवर तेच पाहत होतो. दाबायचं ध्यानातच न्हाई राहिलं."

ते बदक त्यांनी डॉक्टरांकडून मागून घेतलं. रोज सकाळी अंगणात उजव्या हाताने एकदा दाबत. भिंतीपलीकडून तो आवाज आला की आमच्याकडे चहाचं आधण चढे. अशी पाच-सहा वर्षं गेली. मानेतली जाळी शेवटपर्यंत पक्की राहिली. मामू गेले ते न्यूमोनियाने.

चाळीसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर त्यांच्या मुलीने बदक मला आणून दिलं. "अब्बा बोलले होते, मास्तरला द्या." ते माझ्या कपाटात आहे. मी ते अजून एकदाही दाबलेलं नाही.