फुकटची सावड नको

माले गावातल्या लिलाबाईच्या रक्तात ॲसिड सापडलं, ही बातमी गावात पोचवली ती तिच्याच मुलाने. गोरख हिंजवडीत कंपनीची कॅब चालवतो. उन्हाळ्यात पौडजवळ हृदयविकाराच्या एका अभ्यासासाठी लोकांची रक्तं घेतली, त्यात लिलाबाईनेही हात पुढे केला होता. अहवाल गोरखच्या मोबाइलवर आला. ‘अमिनो ॲसिड’ आणि ‘मृत्यूचा धोका’ एवढंच त्याच्या डोळ्यांत राहिलं. गाडी बाजूला घेऊन त्याने आधी बायकोला फोन लावला, मग गावातल्या मामाला. संध्याकाळपर्यंत लिलाबाईच्या ओट्यावर बायका येऊन बसल्या.

“ॲसिड म्हंजी फरशी धुत्यात त्येच का गं?” शेजारच्या हौसाबाईने हळूच विचारलं.

“व्हय. तुझ्या मोरीत थुंकून देऊ? लई डाग पडल्यात,” लिलाबाई म्हणाली.

कुणी हसलं नाही. तेव्हा तिला पहिल्यांदा भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी गोरख तिला घेऊन अभ्यासातल्या डॉक्टर ज्ञानदा यांच्याकडे गेला. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. आपल्या अंगातली प्रथिनं ज्या बारीक तुकड्यांची बनतात, त्यांना अमिनो आम्लं म्हणतात, त्या म्हणाल्या. प्रत्येकाच्या रक्तात ती असतातच आणि ती जाळत नाहीत. त्यातली काही ज्यांच्या रक्तात जास्त सापडतात, अशा लोकांमध्ये पुढे हृदयविकार आणि मृत्यू थोडे जास्त दिसतात. लिलाबाईची जास्त होती.

“म्हंजी मी मरणार?”

“ही नुसती खूण आहे, मावशी. पुष्कळ माणसांची रक्तं एकत्र पाहिली की ती दिसते. एकट्या तुमचं काय होईल, ते तिच्यावरून मला सांगता येत नाही. तुमचं ब्लड प्रेशर मात्र वाढलंय. त्याला गोळी लागेल, आणि ती रोज घ्यायची.”

ईसीजी काढला, हृदयाची सोनोग्राफी केली. दोन्ही ठीक होतं.

“भाताच्या आवणीला जाऊ का?”

“जा. छातीत दुखलं, दम लागला, तर तिथेच थांबायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा. लाज धरायची नाही.”

परतताना गोरखने हिंजवडीच्या खोलीवर राहायला येण्याचा विषय काढला. “तितं लिफ्ट हाय, आई.”

“लिफ्टनं वर जाऊन काय करू? परत खालीच यायचं ना.”

आमच्याकडे भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, सावडीने होते. आज सगळ्याजणी माझ्या भातखाचरात, उद्या मी तुझ्या. पैसे नाहीत, हाताला हात. नवरा गेल्यावर लिलाबाईने शेत टिकवलं ते याच हिशोबावर. यंदा रोपं काढणीला आली, हौसाबाईच्या खालच्या खाचरातली आवणी झाली, तिच्या जावेकडची झाली, पण लिलाबाईला बोलावणं आलं नाही. आणि एका सकाळी न सांगता सगळ्याजणी लिलाबाईच्याच खाचराशी येऊन उभ्या राहिल्या.

लिलाबाई बांधावर आडवी आली. “माझी फेड कुटं घेणार?”

“फेड राहू दे, आक्का. तू नुसती बस. आमी उरकतो,” हौसाबाई म्हणाली.

“का? मी मेल्याव फिटायची न्हाई म्हनून?”

“तसं न्हाई गं. आमच्या चिखलात तुला काय झालं, तर आमी गोरखला काय तोंड दावायचं?”

“गोळी घेतीया मी. दम लागला तर सांगीन, बांधावर बसंन. दुखलं तर दवाखान्यात न्या, न्हाई म्हणायची न्हाई. पन फेड घेणार नसाल तर माझ्या खाचरात कुनी पाय घालायचा न्हाई.”

“आन रोपं? जून व्हायला लागल्यात.”

“हूं द्या.”

लिलाबाईने रोपांची एक बांधलेली मूठ सोडवली आणि एकटीच चिखलात उतरली. एवढ्या मोठ्या खाचरात तिची ओळ एवढीशी दिसत होती. बायका पदर सावरत उभ्या होत्या. एकीने परत फिरायला पाऊल उचललं, हौसाबाईने तिचा दंड धरला.

“वरचं खाचर ऱ्हायलंय माझं,” हौसाबाई ओरडून म्हणाली. “परवा येशील का?”

लिलाबाईने मान वर केली नाही. “भाकरी कुनाची?”

“माझी. आन तुझी गोळी तू आन.”

“मंग उतरा. का मुहूर्त काढू?”

तिसऱ्या दिवशी लिलाबाई हौसाबाईच्या खाचरावर वेळेवर पोचली. हौसाबाईने तिला बांधालगतची जागा दाखवली, म्हणजे वाटलं तर चटकन बसता येईल. लिलाबाईने ती जागा पाहिली, लुगडं खोचलं आणि चिखल तुडवत सरळ मधोमध जाऊन उभी राहिली. दोन्हीकडच्या बायका जरा जरा सरकल्या. मग सगळ्याजणी वाकल्या आणि मागे मागे जात आवणी करू लागल्या.