पाच नंबरचा ओ

ऑफिसातले मिलिंददादा गेल्याचा फोन आला त्या रविवारी सकाळी मी त्यांचाच कोड मोडत बसले होते. वाकडच्या आमच्या घरात गॅसवर साबुदाण्याची खिचडी, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, आणि त्यात दादांनी वर्षानुवर्षं जपलेली फाइल. फोन त्यांच्याच नंबरवरून आला. मला वाटलं विचारतील, "अगं, कुठवर आलीस?" पण आवाज वैशालीवहिनींचा होता. "शुभांगी, हे गेले गं..." दूध घेऊन जिना चढताना तिसऱ्या मजल्यावर दम लागून बसले ते उठलेच नाहीत. वय चोपन्न. मी गॅस बंद केला आणि, खोटं कशाला सांगू, निघण्याआधी फाइल सेव्ह केली. महिना होत आला, पण ते काही डोक्यातून जात नाही.

भोसरीच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर आमचं सात माणसांचं ऑफिस आहे. चाकणच्या कारखान्यांसाठी आम्ही स्क्रीन बनवतो. पत्रे ठोकणाऱ्या प्रेसपैकी कुठली चालू, कुठली बंद, हे कामगारांना टॅबवर दिसतं. लाल म्हणजे चालू. हिरवा म्हणजे बंद, हात घालायला हरकत नाही. तसं साधं वेबपानच ते. जगभर असं पान लिहायची रूढ रीत म्हणजे खुणा लावायच्या: टोकदार कंस टाकून इथे चौकट उघडली, आत बटण ठेवलं, इथे चौकट मिटली. दिसायला सुबक, नवख्यालाही जमणारं. दादा त्या वाटेला जायचेच नाहीत. त्यांच्या लेखी चौकट हे एक फंक्शन, बटण हे दुसरं, आणि पान म्हणजे एकाने दुसऱ्याला मारलेली हाक. पान यादीला हाक मारणार, यादी प्रत्येक प्रेसला तिचा नंबर घेऊन हाक मारणार, त्या नंबराचं उत्तर आलं की मगच रंग. सगळीकडे नुसते गोल कंस, कंसाच्या पोटात कंस. मोठ्या आयटी कंपनीतून आलेली मी, शहाणी, पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "दादा, हा कोड आहे की कांदा?" ते हसले नाहीत. म्हणाले, "सोलून बघ, मग सांग."

चार वर्षं आम्ही यावरून भांडलो. मी मुळातच भांडकुदळ, आणि दादांचा आवाज कधी चढायचा नाही, त्यामुळे मला जास्तच चेव यायचा. त्यांची एक सवय तर मला अजिबात सोसवायची नाही. काम संपलं की ते कोड मोठ्याने वाचायचे. उजवा तळहात टेबलावर उपडा ठेवायचा आणि म्हणायचं, "पान... यादी... प्रेस एक... प्रेस दोन..." प्रत्येक नंबरानंतर थांबायचे. आख्खं ऑफिस चहाला गेलं तरी यांचं चालूच. मी कानात हेडफोन घालायचे. कशासाठी थांबतात, हे विचारायचं कधी सुचलंही नाही.

उत्तर मला पिंपळे गुरवच्या त्यांच्या घरी मिळालं, बुद्धजयंतीला खीर खायला गेले होते तेव्हा. त्यांचे वडील, सगळे त्यांना बाबाच म्हणतात, डाव्या हाताने खीर खात होते. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी, मधलं काही नाही. माझी नजर तिथे गेलेली त्यांनी पाहिली. "विचार की," म्हणाले. मग स्वतःच सांगितलं. त्यांच्या काळी एका प्रेसवर दोन माणसं असायची. तुकडा अडकला की एकाने ओरडायचं, "हात!" दुसऱ्याने पेडलवरचा पाय काढायचा आणि म्हणायचं, "ओ!" ओ ऐकल्याशिवाय हात आत नाही. त्या दिवशी बाबांनी हाक मारली, ओ आला, त्यांनी हात घातला. तो ओ शेजारच्या प्रेसवरचा होता, तिथल्या माणसाने त्याच्या जोडीदाराला दिलेला. "माझ्या जोडीदाराला काई ऐकूच गेलं नव्हतं," बाबा म्हणाले. "त्याचा पाय पेडलवरच. त्याचा काय दोष? ओ आला, एवढं मी ऐकलं. कुणाचा आला, ते न्हाई बघितलं." दादा खाली मान घालून खीर वाढत राहिले. ऑफिसात त्यांनी हे कधीच काढलं नव्हतं.

यंदा मालकांनी ठरवलं, सगळ्या स्क्रीन नव्या रीतीने, खुणांच्या भाषेत लिहायच्या. दादांच्या समोरच म्हणाले, "तुमच्यानंतर हे कोण वाचणार?" जीभ चावायला हवी होती त्यांनी, पण ते पुढेच बोलत राहिले. काम माझ्याकडे आलं आणि मला, लाज वाटते सांगायला, आनंदाच्या उकळ्या फुटल्या. शुक्रवारी संध्याकाळी दादा गाडीला किक मारता मारता थांबले. "यादीपाशी सांभाळून, शुभांगी. पूर्ण झालं की आधी मला दाखव." मी म्हणाले, "हो हो." ते आमचं शेवटचं बोलणं. रविवारी मी यादीचाच भाग लिहीत होते.

दोन आठवड्यांनी पुण्यानुमोदनाच्या विधीला पांढऱ्या कापडावर त्यांचा फोटो ठेवला होता, बुद्धवंदना चालू होती. मालक माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बुधवारी चाकणला ट्रायल घेऊ." मी मान डोलावली. दाखवायला माणूस उरला नव्हता, तरी मी काम पूर्ण झालं असंच म्हटलं.

बुधवारी दिवसपाळीत आठही प्रेस स्क्रीनवर नीट दिसत होत्या. साडेअकराला चार नंबर बंद करून डाय, म्हणजे आतला साचा, बदलायला काढली, म्हणून यादीतून तिचं नाव गेलं. खालच्या ओळी एकेक वर सरकल्या. मेंटेनन्सचा सोपान, तिथल्याच गावचा, टॅब घेऊन पाच नंबरपाशी गेला. पाचमध्ये तुकडा अडकला होता. टॅबवर पाच हिरवी. दोन ठोक्यांमध्ये ती प्रेस क्षणभर गप्प होते, तेव्हा ती गप्पच होती. सोपान वाकला आणि ओरडला, "हात!" कोणी ओ दिला नाही. तो तसाच वाकून, हात बाहेरच ठेवून थांबला... आणि वरचा ठोकळा धाडकन खाली आला.

"ताई, स्क्रीन तर हिरवी हाय," सोपान मला म्हणाला. चिडला नव्हता, मला ते जास्त लागलं. "मिलिंदभाऊ सांगून गेलेत, हिरवं दिसलं तरी हाक मारायची. म्हून मारली." मी टॅब त्यालाच धरायला लावला आणि लॅपटॉपवर कोड उघडला. चूक सापडायला दहा मिनिटं लागली. नव्या रीतीत यादीतल्या प्रत्येक ओळीला तिची स्वतःची ओळख द्यावी लागते. ती मी दिलीच नव्हती. ओळख नसली की पान ओळीला तिच्या जागेवरून ओळखतं. चार गेली, पाच तिच्या जागी आली आणि चारचा हिरवा अंगावर घेऊन बसली. दादांच्या कोडात हे घडलंच नसतं, तिथे प्रत्येक हाकेत नंबर होता. शेजारच्या प्रेसचा ओ. मी तो माझ्या हाताने लिहिला होता, आणि बाबांची बोटं बघून आल्यावर लिहिला होता.

मी त्याच दुपारी जुनी स्क्रीन परत चढवली. चूक एका ओळीची, तीही दुरुस्त केली. मालक म्हणतात, "झालं ना मग? सोमवारी लावू." एवढी एकच चूक होती का, हे मला सांगता येत नाही. ज्यांना सांगता आलं असतं त्यांना मी "हो हो" म्हणून वाटेला लावलं.

दादांची खुर्ची ऑफिसात अजून खिडकीपाशीच आहे, दुसरं कोणी तिथे बसत नाही. टेबलाच्या सनमाइकावर उजवीकडे एक जागा घासून फिकी झाली आहे, तळहाताएवढी. गेला आठवडाभर मी तिथे बसते. हात त्या जागेवर उपडा ठेवते आणि नवा कोड मोठ्याने वाचते. पान... यादी... प्रेस एक... बाकीचे हेडफोन घालतात, घालू देत. पाच नंबरपाशी आले की थांबते. हळूच म्हणते, "दादा, हात..." आणि ऐकत राहते. खाली वर्कशॉपात लेथ चालू असते, कोणी कोणाला हाक मारत असतं, एखादा ओही ऐकू येतो. तो माझ्यासाठी नसतो. उद्या सोमवार आहे.