गट नंबर सत्तेचाळीसचे भाऊबंद

माझ्यामुळे एका भल्या म्हाताऱ्या माणसाने मिशी काढली आणि एका मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडलं. दोन्ही गोष्टी मी चांगल्या हेतूने आणि सरकारी नकलांच्या आधारे केल्या. हेतू चांगला होता, हे मी बरीच वर्षं सगळ्यांना सांगत असे. आता सांगत नाही. चूक माझी होती आणि ती आळसातून झाली होती.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या अखेरीची. मी जळगावात एका शाळेत इतिहास शिकवत होतो. आमचं गाव पहूरजवळ. तिथे नाना, म्हणजे माझे काका, शेती बघत आणि त्यांचा मुलगा विहिरींवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरून द्यायचं दुकान चालवायचा. त्याच्यासाठी पिंपळनेरकडच्या एका गावातून स्थळ आलं. आम्ही मुलगी बघायला गेलो. घरी पोह्यातल्या मिरच्या वेचून ताटाच्या कडेला लावणारा माझा हा चुलतभाऊ तिथे मिरच्यांसकट पोहे खाऊन वर आणखी मागू लागला, तेव्हा नाना माझ्या कानात म्हणाले, "झालं. याचं ठरलं."

एकच शंका होती. आमच्या पणजोबांचा धाकटा भाऊ बांधावरच्या निंबाच्या झाडावरून भांडून घर सोडून गेला होता आणि पिंपळनेरच्या अंगाला कुठेतरी स्थिरावला होता, असं घरात बोललं जाई. ही माणसं त्याचीच तर नव्हेत? मग ते भाऊबंद ठरतात, आणि भाऊबंदात सोयरीक होत नाही. आडनावावरून कळायची सोय नाही. आमच्याकडे एसटीत "ओ पाटील" अशी हाक मारली तर अर्धी गाडी मागे वळून बघते. मुलीकडचे कूळ वेगळं सांगत होते, पण कुणी दत्तक गेलं की कूळही बदलतं.

"तू शिकलेला," नाना म्हणाले. "कागदपत्रं बघून ये एकदा."

हे काम कुणी सांगितलं नसतं तरी मी ओढून घेतलं असतं. धुळ्याच्या कचेरीत जुन्या मोजणीचे कागद चाळताना मला तो माणूस सापडला. त्याचं नाव, बापाचं नाव आणि आमचं मूळ गाव, तिन्ही जुळलं. मुलीच्या गावातला सर्व्हे नंबर सत्तेचाळीस त्याच्या नावावर होता, पुढे शेरा होता, 'नाल्याकाठी'. माझे हात आपोआप जोडले गेले. समोरचा कारकून म्हणाला, "साहेब, देव तिकडे भिंतीवर आहे."

तिथून मी थेट मुलीच्या गावच्या तलाठ्याकडे गेलो. सत्तेचाळीस नंबर आज कुणाचा, असं विचारलं. सातबारा निघाला मुलीच्या आजोबांच्या नावाचा. मला आणखी काय हवं होतं?

घरी येऊन मी मोठ्या पुठ्ठ्यावर रंगीत पेनांनी वंशावळ काढली. पणजोबांचा भाऊ वर, मुलीचे आजोबा खाली. मधल्या पिढ्या सापडल्या नव्हत्या, तिथे मी ठिपके दिले. ठिपक्यांवर कुणी बोट ठेवलं नाही. अक्षर वळणदार असलं की लोक शंका घेत नाहीत.

पुठ्ठा घेऊन आम्ही मुलीकडे गेलो. तिच्या आजोबांना सगळे आबा म्हणत. भरघोस पांढरी मिशी, टोकं वर वळलेली. त्यांना सख्खा-चुलत भाऊ कुणीच नव्हता. गावात भांडायलासुद्धा भाऊबंद नाही, याचं त्यांना आयुष्यभर वाईट वाटत आलं होतं. पुठ्ठा बघताच ते उठले आणि मला कवटाळलं.

"बठ्ठा गावले सांगा, माले भाऊ भेटनात!" अख्ख्या गावाला सांगा, मला भाऊ भेटले, असं ते अहिराणीत म्हणत होते.

मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन आली होती. ती तशीच मागे वळली. नानांना त्या क्षणी ती 'आपलीच लेक' वाटू लागली होती, म्हणून त्यांनी माझ्या भावाला सांगितलं, "बहिणीकडून पाणी माग." भावाने पाणी मागितलं नाही. परतीच्या गाडीत तो माझ्याशेजारी बसला नाही. नंतर तो माझ्याशी बोलायचाच बंद झाला. मी मनात म्हणालो, सत्य पचायला वेळ लागतो.

श्रावणात त्याच्या दुकानावर पोस्टाने राखी आली. आबांनी नातीकडून पाठवायला लावली होती. पाकिटावर गाव बरोबर, पण तालुका चुकीचा, जिल्हा तर भलताच. कितीतरी शिक्के खाऊन ते पोचलं होतं. ती मुलगी बारावी झालेली होती, आणि आमचा पत्ता तिच्या घरी नानांच्या पत्रांवर ठसठशीत छापलेला होता. माझ्या भावाने पाकीट उघडलं नाही. तो दिवसभर नुसता पत्ता वाचत बसला आणि संध्याकाळी त्याला पटलं, की ही राखी पोचू नये अशी लिहिणारीची इच्छा होती.

त्यानंतर आमची चुलत आजी वारली. निरोप जाताच आबा आले आणि दहाव्यालाही आले. आमच्याकडे दहाव्याला भाऊबंदांतले पुरुष न्हाव्यापुढे ओळीने बसतात. डोकं आणि मिशी, दोन्ही उतरवायची. आबा ओळीत येऊन बसलेले बघून नाना धावले.

"आबा, तुम्ही लांबचे. तुमचं राहू द्या."

"लांबना कसाना? रगत एकच शे," आबा म्हणाले आणि त्यांनी तोंड पुढे केलं.

न्हावीदेखील थबकला. मिशी गेली तेव्हा आबांच्या डोळ्यांत पाणी होतं. आजीसाठी होतं की मिशीसाठी, हे माझ्या मनात यायला नको होतं, पण आलं खरं. घरी त्यांच्या धाकट्या नातवाने त्यांना ओळखलं नाही आणि दार लावून घेतलं, असं नंतर कळलं.

हे सगळं बघून माझा भाऊ उठला. आबांच्या विहिरीवरची मोटार बघायचं निमित्त करून तो त्यांच्या शेतात गेला. मग त्याने स्वतः कचेऱ्या गाठल्या. एका दुपारी त्याने मला दुकानात बोलावलं. टेबलावर दोन नकाशे होते, कडांवर तांब्याच्या तारेची रिळं ठेवलेली.

"दादा, तुझ्या कागदात सत्तेचाळीस नाल्याकाठी आहे ना? आबांचं शेत माळावर आहे. पावसाळ्यातही तिथे नाला वाहत नाही."

त्याने बोट ठेवून दाखवलं, हा जुना नकाशा, हा नवा. मधल्या काळात सरकारने एकत्रीकरण केलं होतं, म्हणजे विखुरलेले तुकडे जोडून गट पाडले आणि त्यांना नवे नंबर दिले. जुना सर्व्हे नंबर सत्तेचाळीस गावाच्या एका टोकाला होता, नवा गट नंबर सत्तेचाळीस दुसऱ्या टोकाला. आमच्या गावात एकत्रीकरण झालं तेव्हा मी स्वतः बांधावर उभा राहून बघितलं होतं. जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता तलाठ्याकडे मागितला असता तर त्याने तेव्हाच काढून दिला असता. मी मागितला नाही, कारण मला हवं होतं ते मिळालं होतं. आमचा खरा माणूस ती जमीन विकून केव्हाच पुढे निघून गेला होता.

"मी इतिहासात कायम नापास," भाऊ म्हणाला. "पण मी कुणाचं लग्न नाही मोडलं, दादा."

आम्ही तिघं आबांकडे गेलो. आबांच्या ओठावर पांढरी खुंटं उगवली होती. त्यांनी "भाऊ उनात" म्हणत घोंगडी अंथरली. नाना खाली बघत बसले. मी नकाशे पसरले आणि सगळं सांगितलं. मध्येच माझा आवाज शाळेतल्यासारखा झाला, तेव्हा भावाने माझ्या मांडीला चिमटा काढला.

आबांनी ओठावरच्या खुंटांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मंग मी कोनासाठे रडनू रे?"

मी त्यांच्या पायाला हात लावायला वाकलो, तर त्यांनी पाय ओढून घेतले.

"मनी माफी नको. मिशी काय, परत येई. पोरनी माफी मांग. ती हो म्हनी तर बोलू."

त्यांनी नातीला हाक मारली. ती येऊन खांबाला टेकून उभी राहिली. तिला काय म्हणून हाक मारावी, हे मला कळेना. ताई म्हणालो तर पुन्हा तीच चूक, आणि वहिनी म्हणायचा हक्क अजून मिळालेला नव्हता. मी नुसताच उभा राहिलो आणि हात जोडले.

"मी चुकलो. एक आकडा जुळला, तेवढ्यावर मी तुमचं लग्न मोडलं. पुढे काही तपासलं नाही, तुम्हाला तर विचारलंसुद्धा नाही. माझ्या भावाचा यात काही दोष नाही, सगळा माझा आहे. मला माफ करा."

ती आत गेली, पोह्यांची बशी आणून माझ्या भावापुढे ठेवली आणि आबांकडे बघून 'हो' अशी मान हलवली.