थोरल्या जाऊबाईंच्या मांडीवरचा धोंडा

परवा हिंगोलीच्या नाक्यावर पोलिसानं नातवाची गाडी थांबवून विम्याचा कागद मागितला. काच खाली केली तसा पेट्रोलचा वास आत आला, अन् मला निजामाच्या काळातला कळमनुरीचा बाजार आठवला.

आम्ही दोघी जावा बाळापूरहून बैलगाडीनं बाजाराला निघालो होतो. मागून भाड्याची मोटर आली. जागा एकच होती, अन् थोरलीचा मान म्हणून जाऊबाई बसल्या. मी तर आयुष्यात मोटरीत बसले नव्हते. तिचा धुरळा खात मी मनात म्हटलं, बंद पडो मेली.

कळमनुरीच्या वेशीपाशी बघते तर मोटर खरंच उभी. पोलीस ड्रायव्हरला विचारत होता, "कागज नहीं, टॅक्स नहीं. ब्रेक तो है?" तेवढ्यात जाऊबाईंनी ड्रायव्हरनं सांभाळायला दिलेला मांडीवरचा धोंडा उचलून दाखवला.

"हा काय, माह्याजवळ हाय. मोटर थांबली की चाकाखाली लावायचा."

सगळे हसले. मोटर जप्त झाली, अन् जाऊबाई आमच्या गाडीत आल्या. मी खूश झाले, पण घडीभरच. "झाडं कशी मागं पळतेत बाई," हेच त्या सांगत राहिल्या. त्यांच्या लुगड्याला पेट्रोलचा वास येत होता. मी तोंड फिरवून बसले, पण तो वास घेत राहिले.

नातवाचे कागद बराबर निघाले, पोलिसानं सोडलं. मी पुढच्याच सीटवर होते. पण मांडी रिकामी होती, अन् जाऊबाईंचा हेवा काही अजून गेला न्हाई.